ताम्हिणीतून उतरून कोकण किनारा: रोड बाइकची तयारी

पुणे, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, दिवेआगर आणि मग किनाऱ्याने बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळे. या वाटेवर गुळगुळीत डांबर संपून अचानक उखडलेली खडी, जांभ्याची लाल धूळ आणि ओळीने रंबलर लागतात. मोठा खड्डा लांबून दिसतो, चुकवता येतो. सायकलची खरी झीज होते ती धुळीने आणि दिवसभराच्या थरथराटाने. म्हणून तयारी निघायच्या दोन आठवडे आधीच सुरू करा.

सुरुवात टायरपासून. फ्रेममध्ये जागा असेल तर 25 मिमी रुंदीचा काढून 28 चा घाला, 32 बसत असेल तर उत्तमच. 100 पीएसआय हवा भरायची सवय मात्र मोडा. मध्यम वजनाच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 75 ते 80 पुरते, पुढच्या चाकात पाचेक कमी. फारच कमी ठेवलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरची बाजू उजेडात नीट बघा, कारण टोकदार खडी तिथेच कापते. जुन्या टायरचा बोटभर तुकडा सोबत ठेवा. चीर पडलीच तर आतून लावून मुक्कामापर्यंत जाता येतं. ट्यूबलेस असेल तर आतलं भोक बुजवणारं सीलंट वाळलेलं नाही ना, हेही बघा.

चेनवर मात्र वेळ घालवा. तेल आणि जांभ्याची धूळ मिळून जो लगदा होतो तो पॉलिश पेपरसारखा चेन, कॅसेट (मागची दातेरी चाकं), चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) सगळंच खातो. चेनची झीज मोजायचं गेज नसेल तर स्टीलची पट्टी लावा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून तिच्यापुढच्या 24 व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच भरतं. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं तर चेन बदला. सूतभर जास्त असेल तर बहुधा कॅसेटही गेलीच, आणि नवी चेन त्यावर उड्या मारणार. तेल प्रत्येक कडीवर एकच थेंब, रात्री घालून सकाळी पुसायचं. इंजिन ऑइल घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

रिम ब्रेक असतील तर रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा. रिमवरची झिजेची खाच पुसट झाली असेल तर त्या चाकावर घाट उतरू नये. चाकांचा आउट काढून, म्हणजे ती न डुलता सरळ फिरतील अशी करून घ्या, आणि आरे हाताने दाबून ढिले आहेत का बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथली बेअरिंगची जोडणी, ढिला आहे. स्टेम (हँडल धरणारा भाग), सीटपोस्ट (सीटचा दांडा), बाटलीचा पिंजरा यांचे स्क्रू थरथरीने सुटतात. स्टेमवर लिहिलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळा, कार्बनवर तर नक्कीच.

सुटे भाग थोडेच, पण नेमके हवेत: बारीक व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब, पंप, क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी), चेन तोडायचं हत्यार आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा). साध्या सायकलची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळेल, हा हँगर मिळायचा नाही.

हे सगळं झालं की निघायच्या आधीच्या रविवारी सामान लादून घराजवळच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर तीसेक किलोमीटर फिरून या, आणि आल्यावर प्रत्येक स्क्रूला पुन्हा ॲलन की लावून बघा.