"एक जोडी द्या की": कळपातले मासे पाळताना या चुका टाळा

कोल्हापुरात माशांच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे कानावर येतंच: "मामा, निऑनची एक जोडी, टायगरची एक जोडी, आणि ते तळाला हाय त्याची पण एक जोडी द्या की." माझाही पहिला टँक असाच भरला होता. दोन फुटी टँक, सहा जाती, प्रत्येकी दोन मासे. तीन आठवड्यांत एंजलचे लांब पर कुरतडून दोऱ्यासारखे झाले. दोनातला एक निऑन मेला आणि उरलेला फिल्टरमागच्या बोटभर फटीत जाऊन बसला. खाणं टाकलं की बाकीचे वर झेपावायचे, हा तिथंच. निळी पट्टी पार राखाडी पडलेली. मी पाण्याला दोष देत औषधं ओतत राहिलो, आणि आठवड्याभरात तोही गेला.

जोडी लावायची आपली हौस माशांना लागू होत नाही. निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ, रासबोरा, टायगर बार्ब, कोरी हे सगळे कळपात राहणारे. कळपात शिकाऱ्याला एकावर नेम धरणं जड जातं आणि पहाऱ्याला अनेक डोळे असतात. एकटा पडलेला मासा सतत धास्तीत राहतो, कमी खातो, रोगाला लवकर बळी पडतो. एकाच जातीचे निदान सहा हवेत. तीन निऑन आणि तीन डॅनिओ मिळून सहाचा कळप होत नाही.

सगळ्यात जास्त बदनाम टायगर बार्ब. "लई मारामारी करतो," म्हणून लोक एक-दोनच घेतात आणि तिथंच फसतात. या माशांत वरचढ कोण हे सतत ठरत असतं. दोघंच असले की दुबळ्याला दिवसभर मार बसतो. एकटा असला की तो राग दुसऱ्यांच्या परांवर निघतो. आठ-दहा असले की पाठलाग आपापसात वाटला जातो, कुणा एकाच्या वाट्याला सगळं येत नाही. तरीही एंजल, गप्पी किंवा फायटर त्यांच्यासोबत ठेवूच नका. आणि भर घालायची तर चार-पाच एकदम सोडा. एकट्या नव्याची धडगत नसते.

झेब्रा लोचबद्दल मला जास्त वाटतं, कारण तो आपल्याच सह्याद्रीतल्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांचा मासा. गोगलगायी खातो म्हणून एकच आणून टाकतात आणि तो दगडाखालून बाहेरच येत नाही. त्यालाही पाच-सहा सोबती लागतात. निसर्गात तो धोक्यात आहे, म्हणून गोगलगायींसाठी तो आणू नका. खाणं कमी टाका, त्या आपोआप कमी होतात.

आता बिघाड ओळखायचा कसा ते. पहाटे दिवा लावल्या लावल्या निऑन फिका दिसला तर घाबरू नका, रात्री त्यांचा रंग उतरतोच. अर्ध्या तासानं बघा. सगळा कळप दडून बसला असेल तर भीती किंवा पाणी, यातलं काहीतरी बिघडलंय. आधी अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) तपासा. पण कळप नीट पोहतोय आणि एकटाच बाजूला पडलाय, अंगावर पांढुरके डाग आहेत, तर तो आजारी आहे. त्याला लगेच वेगळं काढा. नवे मासेही दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवूनच मिसळा.

सहा-सहा आणायचे म्हणजे टँक ठासून भरायचा नाही, जाती कमी करायच्या. दोन फुटी टँकमध्ये साधारण 54 लिटर पाणी बसतं. त्यात आठ निऑन आणि तळाला सहा कोरी पुरे. नवा टँक मुरायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात, तोवर थांबा. बॅटरीवरचा एअर पंपही घरात असू द्या. 2019 च्या पुरात वीज गेली तेव्हा त्याची किंमत कळली.

नर फायटर आणि फ्लॉवरहॉर्न मात्र एकटेच ठेवायचे. गप्पीत एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर मादीचा पिच्छा सुटत नाही.

जोड्यांतले उरलेले मासे दुकानात परत विचारा, ओळखीत ज्याच्याकडे तोच कळप आहे त्याला द्या. रंकाळ्यात सोडू नका.