गेम आर्टमध्ये करिअर करायचंय? मग या चुका टाळा

दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी मला स्वतःचं काम पाठवतं. "ताई, जरा बघून सांगा ना, मला गेम आर्टमध्येच करिअर करायचंय, लय पॅशन आहे." उघडून बघावं तर ड्रॅगनचं थ्रीडी मॉडेल. यूव्ही (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडलेला नकाशा) नाहीत, टेक्श्चर (त्यावर चढवायचं चित्र) नाही, आणि मागचा एक पाय अजून व्हायचाय. पुढच्या महिन्यात विचारलं की ड्रॅगन तिथेच असतो आणि आता एक रोबोट सुरू झालेला असतो.

तर पहिली चूक हीच, पहिल्याच फटक्यात ड्रॅगन. मी हे हसून लिहितेय पण मी स्वतः ११ महिने एका योद्ध्यावर घालवलेत. चिलखतासकट. झीब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉनचा, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग ज्या छोट्या तुकड्यांचा बनतो त्यांचा, आकडा ३ कोटींच्या वर गेला होता आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, नुसत्या पट्ट्याच्या बकलवरची नक्षी मी दोन आठवडे कोरत बसले होते, जी गेममध्ये कुणाला चार पिक्सेलएवढीसुद्धा दिसली नसती. मग रिटोपोलॉजीची वेळ आली, म्हणजे त्या ३ कोटींवर हलकी जाळी हाताने बसवायची, आणि ते इतकं कंटाळवाणं वाटलं की मी गुपचूप नवीन शिरस्त्राण बनवायला घेतलं. ११ महिन्यांनी हातात काय, तर एक स्क्रीनशॉट. तोही समोरूनच, कारण पाठीमागे काही नव्हतंच.

त्यानंतर वैतागून एक साधा कंदील केला. तीन शनिवार-रविवार गेले. पण मॉडेल, यूव्ही, बेक (बारीक मॉडेलचे तपशील हलक्या मॉडेलच्या टेक्श्चरमध्ये उतरवणं), टेक्श्चर, इंजिन (गेम ज्यात बनतो आणि चालतो ते सॉफ्टवेअर), सगळं एकदा पार पडलं आणि तिसऱ्या रविवारी मी मूठ रंगवत बसले होते, जिथे चार बोटं धरतात तिथलाच रंग उडवायचा, काचेच्या वरच्या टोकाला काजळी, बुडाच्या कडेला आपटल्याचा पोचा, आणि घड्याळ बघते तर रात्रीचे दोन. तोवर मी सगळ्यांना कॅरॅक्टर आर्टिस्ट व्हायचंय म्हणून सांगत फिरत होते. मला खरं आवडतं ते वस्तूंवरची झीज रंगवणं, हे त्या कंदिलामुळे कळलं. गेम खेळायला आवडणं आणि गेमसाठी वस्तू बनवायला आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाबांनो, आणि दुसरी आवडते की नाही हे एखादी वस्तू शेवटपर्यंत नेल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी नवीन मुलांना बादली, कंदील, पेटी असलंच काहीतरी सांगते. तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे इंजिन न उघडणं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झकास रेंडर (तयार चित्र) निघाला की झालं असं समजायचं. माझं पहिलं पैसे मिळालेलं काम होतं लाकडी दरवाजा, त्यावर लोखंडी खिळ्यांची मोठी गोल डोकी. माझ्याकडे सुंदर दिसत होता. अनरिअल या इंजिनमध्ये टाकला आणि खिळ्यांच्या जागी खड्डे! दोन दिवस मी परत परत बेक करत होते, केज (बेकसाठी मॉडेलभोवती लावायचं कवच) बदलला, लो पॉली (हलकं मॉडेल) परत बनवला, ग्राफिक्स कार्डला शिव्या घातल्या, सॉफ्टवेअरसुद्धा काढून परत टाकलं. शेवटी एक सीनियर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लाइट फिरवून बघितलास का गं?" फिरवला. बाजूने उजेड असला की खिळे नीट, वरून असला की उलटे. म्हणजे नॉर्मल मॅपचा (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या टेक्श्चरचा) हिरवा चॅनल उलटा. ब्लेंडर आणि युनिटी (दुसरं एक इंजिन) ओपनजीएल पद्धतीचा नॉर्मल मॅप वाचतात, अनरिअल डायरेक्टएक्स पद्धतीचा, आणि दोघांत हिरव्याची दिशा विरुद्ध असते. टेक्श्चरच्या सेटिंगमध्ये 'फ्लिप ग्रीन चॅनल'वर एक टिक केली आणि दरवाजा बरा झाला. दोन दिवस, एक टिक.

तेव्हापासून माझी सवय अशी की खरं काम बेक करायच्या आधी एका सपाट पाटीवर एकच अर्धगोल ठेवून बेक करते, इंजिनात टाकते आणि चारी बाजूंनी लाइट फिरवते. पाच मिनिटं लागतात. तिथेच बाकीचंही बघून घ्या. रफनेस (खरखरीतपणा) आणि मेटॅलिक (धातूपणा) यांच्या मॅपवरची एसआरजीबीची (रंगांच्या चित्रांसाठी असते ती) टिक काढली का, नाहीतर चमक भलतीच दिसते. ब्लेंडरमध्ये कंट्रोल ए करून स्केल अप्लाय केलं का, म्हणजे लहानमोठं केलेलं माप पक्कं केलं का. मापं मीटरमध्ये खरी आहेत का, कारण युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर धरतात आणि अनरिअलमध्ये १ सेंटीमीटर, त्यामुळे एक्सपोर्ट चुकला की खुर्ची मुंगीएवढी येते.

सगळ्यालाच ४के टेक्श्चर लावणारे वेगळेच. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्श्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी खातं, आणि तुम्ही ते कोपऱ्यातल्या बादलीला लावलंय. कॉम्प्रेस करूनसुद्धा बादलीला तेवढं लागत नाही. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमसाठी जेमतेम १६.६ मिलिसेकंद असतात, त्यात फक्त तुमची बादली नसते. १९८१ च्या डाँकी काँगमधल्या मारिओला टोपी आहे कारण तेवढ्याशा पिक्सेलमध्ये केस काढणं जमेना, आणि मिशी आहे कारण त्याशिवाय नाक कळेना. थोडक्यात भागवणं हे गेम आर्टमध्ये आधीपासूनच असं आहे.

"ब्लेंडर की माया (तसंच दुसरं, विकतचं सॉफ्टवेअर)?" असं विचारत बसू नका. ब्लेंडर फुकट आहे, आत्ता उघडा, पुढचं पुढे.

ट्युटोरियलमधलीच वस्तू, तोच अँगल, तोच लाइट लावून पोर्टफोलिओत टाकू नका, बघणाऱ्यानेही ते ट्युटोरियल केलेलं असतं.

रेफरन्स न घेता डोक्यातून गंज रंगवू नका. गंज कुठेही लागत नाही, पाणी साचतं तिथे लागतो.

एआयने मॉडेल काढून "बघा दहा मिनिटांत झालं" म्हणणाऱ्यांनी त्याची वायरफ्रेम (मॉडेलची नुसती जाळी) एकदा उघडून बघावी. ती जाळी साफ करण्यात जो वेळ जातो त्यात मी दोन कंदील करते. आणि मुख्य म्हणजे शिकायचं ते त्या दहा मिनिटांत राहूनच गेलं.

काम पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, वेळ मिळेल तसं बघते. फक्त वायरफ्रेम, इंजिनमध्ये लाइट फिरवलेला छोटा व्हिडिओ आणि पाठीमागची बाजू, एवढं सोबत असू द्या.