कलावंताला आईवडिलांविषयी बोलते कसे करावे

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील एखाद्या जुन्या नाट्यकलावंताच्या आठवणी नोंदवायच्या असतील, तर आईवडिलांचा विषय पहिल्याच प्रश्नात काढू नये. आधी जत्रेतल्या नाटकाविषयी आणि पहिल्या भूमिकेविषयी बोलावे. घर त्या ओघात येतेच. आई विड्या वळत असेल, तर ती काम करताना मूल कुठे बसत असे, दिवा कुठे असे, असे साधे प्रश्न विचारावेत, कारण ‘आईबद्दल काय वाटते’ या प्रश्नाला बहुधा पाठ केलेले उत्तर मिळते.

राग आणि माया एकाच वाक्यात आली, तर त्यांतले एक खोटे मानू नये. चार्ली चॅप्लिनचे वडील दारूच्या आहारी जाऊन १९०१ साली वारले, आई हॅना वारंवार मनोरुग्णालयात असे, आणि तो स्वतः सातव्या वर्षी लंडनमधील लॅम्बेथच्या गरीबगृहात दाखल झाला. तरीही १९२१ मध्ये त्याने आईला कॅलिफोर्नियात आणून सांभाळले, आणि माणसे न्याहाळण्याची कला तिच्याकडूनच मिळाल्याचे तो मानत असे. वडिलांविषयी मात्र त्याच्याकडे सांगण्यासारखे थोडेच होते. असा तोकडेपणाही नोंदवावा, तो आपल्या कल्पनेने भरू नये.

बोलण्यातले ‘अव्वा’, ‘अप्पा’ तसेच लिहावेत. (त्यांची ‘मातोश्री’ करण्याचा मोह मलाही झाला होता.) लिहून झाल्यावर मजकूर कलावंताला वाचून दाखवावा आणि भावंडे हयात असल्यास कलावंत जे गाळायला सांगेल, ते कारण न विचारता गाळावे.