शाब्दिक उदाहरणाचे समीकरण कसे मांडावे

शाब्दिक उदाहरणात अडलेल्या विद्यार्थ्याची वही बारकाईने पाहिली, तर समीकरण सोडवणे त्याला जड जाते असे सहसा आढळत नाही. ७क्ष + १० = ३(क्ष + १०) हे समीकरण आयते लिहून दिले, तर तो दोन-तीन ओळींत क्ष = ५ असे उत्तर काढतो. घोडे अडते ते त्याच्या आधी, म्हणजे चार वाक्यांच्या मजकुरातून हे समीकरण उभे करण्याच्या टप्प्यावर. म्हणून या लेखात समीकरण सोडवण्याच्या रीतींना थोडी आणि मांडणीला अधिक जागा दिली आहे. बेरीज, वजाबाकी, कंस सोडवणे आणि पदांची बाजू बदलणे एवढे येत असेल, तर पुढील बहुतेक उदाहरणे समजण्यास अडचण येणार नाही.

उदाहरण वाचताना

पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे. आकडे दिसताच त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याची घाई हीच अनेक चुकांची जननी असते. प्रसंग काय आहे, त्यात कोण आहे, काय बदलते आणि काय बदलत नाही, एवढेच या वाचनात समजून घ्यावे. दुसऱ्या वाचनात शेवटचे वाक्य आधी पाहावे, कारण काय काढायचे ते बहुधा तेथेच सांगितलेले असते, आणि त्याखाली रेघ ओढावी. मग दिलेली माहिती एकेका ओळीत, एककासह उतरवून घ्यावी. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत दिला असेल, तर मिनिटांचे तास याच वेळी करून टाकावेत. समीकरण मांडून झाल्यावर ही विसंगती सहज नजरेतून निसटते.

अक्षर कशासाठी मानले ते पूर्ण वाक्यात लिहावे

'मुलगी = क्ष' असे लिहिणे म्हणजे चुकीला आमंत्रण देणे होय. क्ष ही मुलगी नव्हे, तिचे वय आहे. आणि तेही आजचे, पाच वर्षांपूर्वीचे की पाच वर्षांनंतरचे, हे ठरवावे लागते. 'मुलीचे ५ वर्षांपूर्वीचे वय क्ष वर्षे मानू' या वाक्यात संख्या, काळ आणि एकक या तिन्ही गोष्टी येतात.

अक्षर हे वस्तूचे संक्षिप्त नाव आहे, अशी समजूत किती फसवी असते ते एका छोट्या विधानावरून दिसते. 'शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या ३० पट आहे.' विद्यार्थ्यांसाठी व आणि शिक्षकांसाठी श मानून हे लिहावयास सांगितले, तर चांगले हुशार विद्यार्थीही ३०व = श असे लिहून जातात, कारण मनात '३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक' असे चित्र असते आणि ते चित्र जसेच्या तसे कागदावर उतरते. येथे लगेच एखादी संख्या घालून पाहावी. शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ३०० असले पाहिजेत. व = ३००, श = १० ही जोडी ३०व = श मध्ये बसत नाही, व = ३०श मध्ये बसते. लहान संख्येला ३० ने गुणले म्हणजे मोठी संख्या मिळते, त्यामुळे ३० हा गुणक शिक्षकांच्या संख्येकडे येतो.

आपल्याकडील जुन्या बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके असेल तितके' असे म्हणत आणि लिहिताना 'या' हे पहिले अक्षर वापरीत. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ग्रंथात दुसऱ्या, तिसऱ्या अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेत आणि त्यांसाठी 'का', 'नी' ही अक्षरे येतात. 'जितके असेल तितके' हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण अक्षर हे संख्येच्या जागी आहे, वस्तूच्या जागी नाही, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

वाक्याचे पदावलीत रूपांतर

येथे मराठीची रचना आपल्या फार उपयोगी पडते. मराठी वाक्यात क्रिया बहुधा ज्या क्रमाने करायच्या, त्याच क्रमाने येतात, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचत जावे आणि प्रत्येक क्रिया झाली की ती पदावलीत, म्हणजे संख्या, अक्षरे आणि क्रियांची चिन्हे मिळून होणाऱ्या मांडणीत, भरावी. 'एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले' यात आधी तिप्पट आणि मग ५, म्हणून ३क्ष + ५. 'एका संख्येत ५ मिळवून आलेल्या बेरजेची तिप्पट केली' यात आधी ५ आणि मग संपूर्ण बेरजेची तिप्पट, म्हणून ३(क्ष + ५). क्ष च्या जागी ४ घातल्यास पहिल्याचे उत्तर १७ आणि दुसऱ्याचे २७ येते. कंसाने एवढा फरक पडतो. 'बेरजेची', 'वजाबाकीची', 'उरलेल्याची' असे शब्द दिसले, की कंस हवा असे समजावे.

प्रत्ययांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. 'क्ष मधून ७ वजा केले' म्हणजे क्ष − ७, आणि '७ मधून क्ष वजा केला' म्हणजे ७ − क्ष. 'क्ष ला ३ ने भागले' म्हणजे क्ष/३, आणि '३ ला क्ष ने भागले' म्हणजे ३/क्ष. '२० टक्क्यांनी वाढली' म्हणजे मूळ संख्येच्या १.२ पट, तर 'मूळच्या २० टक्के राहिली' म्हणजे केवळ ०.२ पट. तुलनेच्या वाक्यात 'पेक्षा' ज्याला जोडलेला असतो, त्याच्या संख्येत भर घालायची की घट करायची ते पाहावे: 'लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आहे' म्हणजे लांबी = रुंदी + ३. पटींचे मराठी शब्दही पक्के असावेत. सव्वापट म्हणजे ५/४, दीडपट म्हणजे ३/२, पावणेदोनपट म्हणजे ७/४ आणि अडीचपट म्हणजे ५/२. 'आहे', 'होते', 'होईल', 'इतकी येते' या क्रियापदांच्या ठिकाणी बहुधा बरोबरचे चिन्ह येते.

समीकरण कोठून येते

पदावल्या तयार झाल्या तरी समीकरण आपोआप होत नाही. त्यासाठी एकच राशी दोन वेगवेगळ्या रीतींनी सांगता आली पाहिजे. त्या दोन रीतींमध्ये बरोबरचे चिन्ह घातले की समीकरण तयार होते. म्हणून 'या प्रसंगात कोणत्या दोन गोष्टी समान आहेत?' हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर आधी शब्दांत लिहावे. ही एक ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन; उदाहरणाचा खरा अवघड भाग तीच सोपा करते.

वयाचे उदाहरण घेऊ. '५ वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या सातपट होते. ५ वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा.' अशा उदाहरणात काळाचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर दोघींची वये लिहावी लागतात. मुलीचे ५ वर्षांपूर्वीचे वय क्ष वर्षे मानू. तेव्हा आईचे वय ७क्ष होते. आज मुलीचे वय क्ष + ५ आणि आईचे ७क्ष + ५ आहे. ५ वर्षांनंतर मुलीचे क्ष + १० आणि आईचे ७क्ष + १० होईल. पहिल्या अटीचा उपयोग ७क्ष लिहितानाच झाला; आता दुसरी अट उरली: ५ वर्षांनंतर आईचे वय = मुलीच्या वयाची तिप्पट.

७क्ष + १० = ३(क्ष + १०)
७क्ष + १० = ३क्ष + ३०
४क्ष = २०
क्ष = ५

येथे हात थांबवून वर लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे. क्ष हे ५ वर्षांपूर्वीचे वय आहे आणि विचारले आहे आजचे. म्हणून मुलीचे आजचे वय १० वर्षे आणि आईचे ३५ + ५ = ४० वर्षे. आजचे वय क्ष मानूनही हे उदाहरण सुटते, पण मग आईचे आजचे वय ७(क्ष − ५) + ५ असे लिहावे लागते आणि कंस सोडवताना चुका होतात. ज्या टप्प्यावर 'पट' सांगितली आहे, त्या टप्प्यावरचे लहान वय क्ष मानावे, म्हणजे मांडणी हलकी होते. या प्रकारात नेहमी होणारी चूक अशी, की वर्षे एकाच व्यक्तीच्या वयात मिळवली जातात. दोघींच्या वयांतील फरक कधीच बदलत नाही. येथे तो तिन्ही टप्प्यांवर ३० वर्षे आहे, हे पाहून ती चूक लगेच पकडता येते.

प्रवासाच्या उदाहरणात समान काय ते अनेकदा सांगितलेलेच नसते. 'एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने एका ठिकाणी गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ४० किलोमीटर वेगाने परत आली. जाण्यायेण्यास एकूण ५ तास लागले, तर ते ठिकाण किती दूर आहे?' जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे आहे, ही गोष्ट 'त्याच रस्त्याने' या दोन शब्दांत दडलेली आहे. जाण्यास क्ष तास लागले असे मानल्यास येण्यास ५ − क्ष तास लागले, आणि अंतर = वेग × वेळ असल्यामुळे ६०क्ष = ४०(५ − क्ष), म्हणून १००क्ष = २०० आणि क्ष = २. अंतर १२० किलोमीटर. विचारले होते अंतर, पण आपण वेळ क्ष मानला, कारण अंतर क्ष मानले असते तर क्ष/६० + क्ष/४० = ५ असे अपूर्णांकांचे समीकरण आले असते. जे विचारले तेच क्ष मानावे, असा काही नियम नाही. जाता जाता एक निरीक्षण: संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग २४० ÷ ५ = ४८ येतो, ५० नव्हे, कारण गाडी कमी वेगाने अधिक वेळ चालली.

मिश्रणाच्या उदाहरणात न बदलणारी गोष्ट शोधावी. १२ लिटर द्रावणात ३० टक्के आम्ल आहे आणि पाणी घालून ते प्रमाण २० टक्के करायचे आहे. पाणी वाढते, एकूण द्रावण वाढते, परंतु आम्ल आधी जेवढे होते तेवढेच राहते. ते १२ × ०.३ = ३.६ लिटर आहे. क्ष लिटर पाणी घातल्यावर तेच आम्ल ०.२(१२ + क्ष) इतके लिहिता येते. म्हणून ०.२(१२ + क्ष) = ३.६, म्हणजे १२ + क्ष = १८ आणि क्ष = ६ लिटर.

नळ आणि टाकीच्या उदाहरणात तासांची बेरीज करू नये, एका तासात होणाऱ्या कामाची करावी. एक नळ ६ तासांत आणि दुसरा १२ तासांत टाकी भरत असेल, तर दोन्ही मिळून एका तासात १/६ + १/१२ = १/४ टाकी भरतात आणि पूर्ण टाकीला ४ तास लागतात.

एक चल की दोन

वाहनतळावर दुचाकी आणि चारचाकी मिळून ३० वाहने आहेत आणि त्यांची एकूण चाके ८४ आहेत. चारचाकींसाठी क्ष आणि दुचाकींसाठी य मानल्यास क्ष + य = ३० आणि ४क्ष + २य = ८४ अशी दोन समीकरणे होतात. एकाच चलात, म्हणजे एकच अक्षर वापरून, मांडायचे असेल, तर दुचाकी ३० − क्ष इतक्या आहेत असे लिहावे: ४क्ष + २(३० − क्ष) = ८४, त्यावरून २क्ष = २४, म्हणजे चारचाकी १२ आणि दुचाकी १८. 'दोन्ही मिळून' असे शब्द असतील, तर दुसरी संख्या एकूण वजा क्ष अशी लिहिता येते आणि एका चलात काम भागते. दोन स्वतंत्र अटी असून त्या सहज जोडता येत नसतील, तर सरळ दोन चले घ्यावीत. चले जितकी, तितकी स्वतंत्र समीकरणे हाती आली आहेत का, हे मात्र मोजून पाहावे. एक समीकरण कमी पडत असेल तर उदाहरणातील एखादे वाक्य वापरायचे राहून गेले आहे.

सोडवणे आणि ताळा

समीकरण सोडवताना एका ओळीत एकच बदल करावा. कंसाबाहेर वजा चिन्ह असेल तर आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते: १० − २(क्ष − ३) म्हणजे १० − २क्ष + ६. हा ६ वजा लिहिल्यामुळे बिघडलेली उदाहरणे मी असंख्य वेळा पाहिली आहेत.

ताळा करताना उत्तर आपण लिहिलेल्या समीकरणात घालून समाधान मानू नये, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात नेमके बसते. उत्तर मूळ मजकुरात घालावे. वयाच्या उदाहरणात: ५ वर्षांपूर्वी मुलगी ५ वर्षांची आणि आई ३५ वर्षांची, सातपट, ५ वर्षांनंतर १५ आणि ४५, तिप्पट. दोन्ही वाक्ये खरी ठरली. उत्तर प्रसंगाला शोभते का, हेही पाहावे. वाहने साडेबारा असू शकत नाहीत, आणि दोन नळ मिळून एकट्या वेगवान नळापेक्षा अधिक वेळ घेऊ शकत नाहीत.

कधी समीकरण दोन उत्तरे देते. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ४० चौरस मीटर असल्यास, रुंदी क्ष मीटर मानून, क्ष(क्ष + ३) = ४०, म्हणून क्ष = ५ किंवा क्ष = −८. समीकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण −८ आणि −५ यांचा गुणाकारही ४० आहे. परंतु रुंदी ऋण असू शकत नाही. हे कारण एका ओळीत लिहून −८ सोडून द्यावे आणि अखेरचे उत्तर पूर्ण वाक्यात, एककासह लिहावे: आयताची रुंदी ५ मीटर आणि लांबी ८ मीटर आहे.