बारावीच्या बायोलॉजीची तयारी: शेवटचे सहा आठवडे

ठाणे-नवी मुंबईतली बारावी सायन्सची बरीच मुलं दोन वर्षं नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, क्लास करतात. चार पर्यायांतून बरोबर उत्तर त्यांना पटकन ओळखता येतं. पण बोर्डाच्या ७० मार्कांच्या बायोलॉजीच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्न फक्त १० मार्कांचे असतात. उरलेले ६० लिहून आणि चित्रं काढून मिळवायचे. ही तयारी वेगळीच करावी लागते.

सुरुवात पेपरापासून करा. एका मार्काचे आठ प्रश्न सक्तीचे. दोन मार्कांच्या बारा प्रश्नांपैकी आठ, तीन मार्कांच्या बारापैकी आठ आणि चार मार्कांच्या पाचपैकी तीन सोडवायचे. तीन तासांत ७० मार्क, म्हणजे एका मार्काला साधारण अडीच मिनिटं. दोन मार्कांच्या उत्तराला पानभर लिहिण्याची सवय आत्ताच मोडा.

मग पंधरा धड्यांची यादी समोर ठेवा आणि जे पाठ करून येत नाही ते आधी घ्या. आनुवंशिकता आणि तिचा रेणवीय पाया हे दोन धडे पहिल्या दहा दिवसांत व्हायलाच हवेत. दोन गुणांच्या संकरातलं ९:३:३:१ हे प्रमाण पाठ असून भागत नाही, सोळा चौकटी स्वतः भरून ते प्रमाण निघालं पाहिजे.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि धड्यातलं एक चित्र आठवून काढा. माझ्याकडे कोपरीहून येणारी एक मुलगी हृदयावरचा प्रत्येक प्रश्न तोंडी अचूक सांगायची. कागद दिला तर डावा कप्पा कागदाच्या डाव्या बाजूला काढला, आणि भिंती सगळ्या सारख्याच जाड. चित्रातलं हृदय समोर उभ्या माणसाचं असतं, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. डाव्या जवनिकेला, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्याला, रक्त साऱ्या शरीरात ढकलायचं असतं, म्हणून तिची भिंत जाड. हे कारण कळल्यावर तिचं चित्र पुन्हा चुकलं नाही. चूक लाल पेनने दुरुस्त करा आणि तेच चित्र तीन दिवसांनी पुन्हा काढा. बीजांड, प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग, डीएनएचं द्विगुणन, सगळं असंच.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी शब्द घाबरवतात. अशा वेळी आधी मराठीत समजून घ्या. ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवून घेणं, ट्रान्सलेशन म्हणजे तो आरएनए वाचून प्रथिन बांधणं. आईला किंवा आजीला हे सांगून बघा. त्यांना कळलं तर तुम्हाला कळलंय. मग तेच उत्तर इंग्रजीत दोनदा लिहा, स्पेलिंगसकट.

परिसंस्था आणि जैवविविधतेचे धडे मुलं शेवटच्या रात्रीवर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. एका रविवारी ऐरोलीला खाडीकाठी जाऊन या. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतील, कारण त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पानांवर मिठाचे बारीक कण असतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं बी झाडावर असतानाच रुजतं. अनुकूलनाचं उत्तर लिहिताना हे डोळ्यांसमोर उभं राहतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंसाठी राखलेला भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. मूळ अधिवासातच केलेल्या संवर्धनाचं याहून जवळचं उदाहरण तुम्हाला मिळणार नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत निदान चार पेपर सकाळी ११ ते २ या वेळेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण सोडवा. चित्र पेन्सिलनेच काढा, नावं शक्यतो उजव्या बाजूला एकाखाली एक लिहा आणि रेघा एकमेकींना छेदू देऊ नका. दोन पेन्सिली आदल्या रात्रीच टोक करून ठेवा.