बागेतल्या लाकडात अनोळखी किडा? आधी भुसा बघा

पावसाळ्याआधीची छाटणी झाली की ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत ओंडके कंपाउंडच्या भिंतीलगत पडून राहतात. पहिल्या सरीनंतर ते हलवले की खालून काहीतरी वळवळत निघतंच. लगेच स्प्रे मारू नका.

१. ओंडका नीट उचला. बूट आणि जाड हातमोजे हवेत. पलीकडची कड वर करून ओंडका आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असलाच तर तो पलीकडे पळेल. येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

२. किड्याआधी लाकूड तपासा. खाली पांढरा कागद धरून लाकूड ठोका. मैद्यासारखी भुकटी पडली आणि भोकं एक ते तीन मिलिमीटरची असली, तर लाकूड पोखरणारे बारीक भुंगेरे. कडक, रवाळ दाणे पडले तर ती सुक्या लाकडातली वाळवी. भिंगाखाली दाण्याला सहा बाजू दिसतात. मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर जमिनीतली वाळवी. बांबूला बोटाएवढं गोल भोक असेल तर बहुधा काळ्या भुंग्याचं घर. तो लाकूड खात नाही, फक्त कोरतो, राहू द्या.

३. पाय मोजा. सहा असले तर कीटक. खूप असले तर पैसा नावाचा किडा किंवा गोम. गोम चावते, हात लावू नका. पायच नसलेली जाड पांढरी अळी आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडात मिळाली, तर खोडकिड्याची शंका घ्या. वाकडी, पुढे सहा पाय असलेली अळी कुजक्या लाकडात मिळाली, तर ती बहुतेक निरुपद्रवी. मात्र जवळपास नारळ असेल तर ती नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याची असू शकते.

४. पंखवाले असतील तर सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. दिव्याखाली नुसते गळलेले पंख दिसले तरी लांबी जुळवून बघा.

५. फोटो. वरून, बाजूने, शेजारी फूटपट्टी ठेवून. भोकाचा आणि भुशाचाही. 'आयनॅचरलिस्ट' या जीव ओळखायला मदत करणाऱ्या ॲपवर टाकताना झाडाचं नाव जरूर लिहा. नुसत्या अळीवरून जात ठरवणं जाणकारांनाही जड जातं, झाड कळलं की यादी बरीच आखूड होते.

वाळवीची नळी इमारतीच्या भिंतीवर चढलेली दिसली, तर मात्र फोटो काढून सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.