बीबीआयला ॲडमिशन घेतलंय? मग आधी घरातलं पासबुक काढा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या भांडुपच्या सोसायटीत कोणीतरी जिन्यात गाठतंच, "ताई, बीबीआयला नंबर लागतोय, घेऊ का, बँकेत लागतो ना त्याने?" आणि मागे त्याची आई उभी असते, तिला फक्त फी आणि नोकरी या दोनच गोष्टी ऐकायच्या असतात. मी हाच कोर्स केलाय, आता एका बँकेत लोनच्या फाइली बघते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, दरवेळी जिन्यात उभं राहून पाय दुखतात.

आधी गैरसमज काढू. बीबीआय म्हणजे बी.कॉम.च, फक्त बँकिंग आणि इन्शुरन्सचं. बीएएफ म्हणजे अकाउंट्स जास्त, बीएफएम म्हणजे शेअर, बाँड वगैरे मार्केट जास्त. बहुतेक कॉलेजात हे सेल्फ फायनान्स असतं त्यामुळे फी साध्या बी.कॉम.पेक्षा बरीच जास्त. आणि आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांची भरती करणाऱ्या संस्थेची, पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) किंवा क्लार्कची परीक्षा द्यायला कुठल्याही शाखेची डिग्री चालते, इतिहास घेऊन बीए केलेली माझी मैत्रीण आज सरकारी बँकेत ऑफिसर आहे. म्हणजे फक्त त्या परीक्षेसाठी बीबीआय घेत असाल तर जास्तीची फी वाचवा आणि सरळ बी.कॉम. करा. बीबीआयचा उपयोग होतो तो प्रायव्हेट बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), ब्रोकर, म्युच्युअल फंड, इन्शुरन्स, आणि ऐरोली-मालाडकडची ती सगळी बॅक ऑफिसं असतात तिथे, कारण तिथे इंटरव्ह्यूला विषयातलं विचारतात.

आता विषयातलं विचारतात म्हणजे काय ते माझ्याच फजितीवरून सांगते. माझा पहिला इंटरव्ह्यू लोअर परळला, बँकेचं नाव जाऊ दे. मार्क चांगले होते, फाइल छान लावली होती. समोरच्या मॅडमनी एकच विचारलं, लोक आमच्याकडे सेव्हिंगला पैसे ठेवतात ते आमच्या बॅलन्सशीटला कुठल्या बाजूला बसतात? मी ठणकावून सांगितलं, ॲसेट. त्या हसल्या पण नाहीत, म्हणाल्या, "म्हणजे लोकांचे पैसे आमचे झाले का?" परतीच्या स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसले होते आणि पर्समधलं स्वतःचं पासबुक उघडून बघितलं, शिलकीपुढे सरळ सीआर लिहिलेलं. क्रेडिट. म्हणजे बँक मला देणं लागते, म्हणून तिच्याकडे ती लायबिलिटी, आणि तिने दिलेलं लोन हे तिचं ॲसेट. हे मी दुसऱ्या सेमिस्टरला पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्क घेतले होते, आणि तो कागद तीन वर्षं पर्समध्ये होता.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, या कोर्सच्या जवळपास प्रत्येक विषयाचा एक कागद तुमच्या घरात कपाटात पडलेला असतो. लेक्चर झालं की घरी जाऊन तो कागद काढायचा आणि ओळ न् ओळ वाचायची. नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतातच, त्यांचं टेन्शन घेऊ नका.

चेकबुकपासून सुरुवात करा. खाली जी आकड्यांची पट्टी असते त्यात पहिले सहा आकडे चेक नंबर, मग नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड, त्यातले पहिले तीन शहराचे म्हणून मुंबईचा चेक असेल तर ४०० दिसेल, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आयएफएससी अकरा अक्षरांचा, पाचवं नेहमी शून्य. मग चेक क्रॉस केला म्हणजे काय, अकाउंट पेयी लिहिल्याने काय बदलतं, तारखेपासून तीन महिन्यांनी चेक का चालत नाही, हे सगळं एका चेकवर दिसतं. कायद्याच्या पेपरात १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट असतो, त्यातलं कलम १३८ तर पाठच पाहिजे: चेक बाऊन्स झाल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. सोसायटीत मेंटेनन्सचा चेक बाऊन्स झाला की सगळे सेक्रेटरीकडे बघतात, तेव्हा तुम्ही सांगू शकलात तर समजा विषय आला.

एफडीची पावती बघा. बँक बुडाली तर किती परत मिळतील हा प्रश्न मुंबईत पुस्तकी नाही, को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बंद शटरसमोर उभे राहिलेले काका प्रत्येक एरियात सापडतील. डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं, विमा कव्हर एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख, आणि ते फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी फक्त १ लाख होतं. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवले तरी ते एकत्रच धरतात, हे लोकांना माहीत नसतं आणि व्हायव्हात हमखास विचारतात.

घरात एलआयसीची किंवा कुठलीही पॉलिसी असेलच. सम अश्युअर्ड, सरेंडर व्हॅल्यू, नॉमिनी, फ्री लुक (पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत, नव्या पॉलिसीत ३० दिवस) हे शब्द त्यात शोधा. मग प्रीमियम आणि शेवटी मिळणारी रक्कम एक्सेलमध्ये टाकून आयआरआर काढा, म्हणजे वर्षाला खरोखर किती टक्के सुटले ते. जो आकडा येईल तो घरी जरा जपून सांगा, पॉलिसी विकणारा बहुतेक मामाच असतो.

आता एक्सेलवर जरा थांबते, कारण इथेच खरा फरक पडतो. आमच्याकडे नवीन पोरं येतात, डिस्टिंक्शनवाली, आणि ईएमआय काढायला वेबसाइट उघडतात. अरे, पीएमटी नावाचं फंक्शन आहे. १० लाखांचं होम लोन घ्या, ९ टक्के, २० वर्षं. व्याजदर भागिले १२, हप्ते २४०, रक्कम १० लाख, एंटर मारलं की हप्ता येतो ८,९९७ रुपये. आता खाली महिन्यावार टेबल लावा. पहिल्या महिन्याचं व्याजच ७,५००, म्हणजे मुद्दलात गेले फक्त १,४९७. टेबल बारा ओळी खाली ओढलं की कळतं वर्षभर जवळपास १ लाख ८ हजार भरून मुद्दल उतरलं जेमतेम पावणेएकोणीस हजार. आणि वीस वर्षांत मिळून २१ लाख ५९ हजार भरता.

एवढ्यावर सोडू नका. दर अर्धा टक्का वाढवून साडेनऊ करा आणि हप्ता तोच ठेवा, आता एनपीईआर फंक्शनने हप्त्यांची संख्या काढा, २४० चे साधारण २६९ होतात. म्हणजे अर्ध्या टक्क्याने जवळपास अडीच वर्षं वाढली! ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोन्स बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, बऱ्याच ठिकाणी तो रेपो रेटच (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो), त्यामुळे रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती रेट हलवते तेव्हा हे टेबल हलतं. मॅक्रो इकॉनॉमिक्सचा अख्खा चॅप्टर या एका शीटमध्ये आहे. ही शीट स्वतः बनवलेली असेल तर इंटरव्ह्यूला लॅपटॉपवर दाखवा, मी पॅनलवर असते तर तिथेच निम्मं काम झालं असतं. बाकी व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल शिकून घ्या, त्याला क्लास लावायची काही गरज नाही.

शेवटच्या वर्षाला एक काम अजून, कुठल्याही एका बँकेचा ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा. चेअरमनचं पत्र आणि हसऱ्या मुलांचे फोटो सोडून द्या, सरळ शेड्यूल्सवर जा. डिपॉझिटमध्ये करंट आणि सेव्हिंग मिळून किती ते बघा, त्याला कासा म्हणतात, जेवढा जास्त तेवढा बँकेला पैसा स्वस्त. मग ग्रॉस एनपीए आणि नेट एनपीए, एनपीए म्हणजे थकलेली लोन्स. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, पण त्याआधीही थकायला लागलेल्या खात्यांच्या एसएमए शून्य, एक, दोन अशा पायऱ्या असतात, ३०-३० दिवसांच्या, आणि आमची खरी धावपळ तिथेच चाललेली असते, कारण एकदा एनपीए झालं की सगळेच हात वर करतात.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर कॉलेज चालू असतानाच देता येईल अशी चांगली गोष्ट म्हणजे एनआयएसएमच्या परीक्षा. ही सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, काढलेली संस्था. सिरीज पाच-ए म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरची, दोन तास, १०० मार्क, पासिंगला ५०, निगेटिव्ह मार्किंग नाही, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं आणि वर्कबुकची पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळते. ब्रोकरकडे बॅक ऑफिसला जायचं असेल तर सिरीज सात बघा, तिथे निगेटिव्ह आहे. पॅन कार्ड लागतं, ते आधी काढा. याच्या उलट, कोणी क्लासवाला तुम्हाला कॉलेजमध्येच जेएआयआयबी करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून निघा, ती परीक्षा बँकेत नोकरीला असलेल्यांसाठीच आहे. तिची पुस्तकं वाचायला मात्र छान, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी मिळाली तर घ्या, फक्त जुन्या सिलॅबसची तीन पेपरवाली नकोत, आता चार पेपर असतात.

इंटर्नशिपबद्दल थोडं कडू बोलते. मला सेकंड इयरला एका कन्सल्टन्सीने "बँकिंग ट्रेनी" म्हणून घेतलं, आधी डिपॉझिट मागितलं, बाबांनी दिलं, आणि महिनाभर मी स्टेशनबाहेर छत्रीखाली उभी राहून क्रेडिट कार्डचे फॉर्म भरून घेत होते, डिपॉझिट काही परत आलं नाही. सेल्स वाईट असं मी म्हणत नाहीये, लोकांशी बोलायला तिथेच शिकले, पण पैसे देऊन नोकरी करायची नसते एवढं लक्षात ठेवा. आता नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटीला (कामावरच्या ट्रेनिंगला) क्रेडिट असतात म्हणून पोरं मिळेल तिथून सर्टिफिकेट आणतात. त्यापेक्षा जवळच्या सीएकडे किंवा पतपेढीत जा, व्हाउचर, बँक रिकन्सिलिएशन, लोनची कागदपत्रं हाताखालून जातात. एकदा पासबुक आणि कॅशबुकमधला दोनशे रुपयांचा फरक शोधत संध्याकाळचे सात वाजू देत, मग बीआरएस, म्हणजे हेच बँक रिकन्सिलिएशन, कधीच विसरणार नाही.

फोर्टात कधी गेलात तर अमर बिल्डिंगमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं म्युझियम बघून या, तासाभराचं काम आहे, येताना वडापाव खा.

सरकारी बँकेच्या परीक्षेची तयारी थर्ड इयरच्या सुरुवातीलाच लावा, आणि ती बीबीआयच्या अभ्यासात होते या भ्रमात राहू नका, प्रिलिमला गणित, रीझनिंग आणि इंग्लिशच असतं, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. क्लार्कला त्या राज्याची भाषा यावी लागते, म्हणून मराठी असलेलं दहावीचं मार्कशीट नीट जपा. आणि नावांचा घोळ आत्ताच मिटवा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, असे तीन अवतार घेऊन मुलं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला येतात. ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं दाखवून चालत नाही, आणि त्याची तारीखही बघतात. भरतीची ॲड आल्यावर तहसीलला पळालात तर तिथे तुमच्यासारखेच दोनशे जण आधीच रांगेत असतात, म्हणून नावांचं काम सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या, आणि हे सर्टिफिकेट ॲडची वाट न बघता परीक्षेच्या वर्षी वेळेत काढा.